वाचकांचे प्रश्न : डिजिटल एक्स-रेच्या चित्रामागे काय असते?

डिजिटल एक्स-रेविषयी आलेल्या पत्रांपैकी सहा प्रश्न या वेळी घेतले आहेत. पत्रे वेगवेगळ्या लोकांची असली, तरी बहुतेकांच्या मनात एकच शंका आहे : चित्र इतक्या झटपट आणि इतके स्वच्छ दिसते, तर ते किरणांच्या दृष्टीनेही तितकेच निर्धोक असते का? वैद्यकीय भौतिकशास्त्रात काम करताना माझाही बराचसा वेळ याच शंकेचे उत्तर शोधण्यात जातो, त्यामुळे तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर इतरांपेक्षा लांबले आहे.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. तरुणपणी एक्स-रे काढला की फिल्म धुऊन वाळेपर्यंत बाकावर बसून राहावे लागे. परवा मात्र श्वास रोखला, सोडला आणि तेवढ्यात छातीचे चित्र पडद्यावर हजर झाले. फिल्मच्या जागी नेमके काय आले आहे? डिजिटल कॅमेऱ्यात असते तेच का?

उत्तर : तत्त्व कॅमेऱ्याच्या जवळचे आहे, पण एका अडचणीमुळे बांधणी पार वेगळी झाली आहे. प्रकाश भिंगातून एकवटता येतो, म्हणून अख्ख्या डोंगराचे चित्र नखाएवढ्या चिपवर मावते. छातीतून आरपार गेलेले क्ष-किरण मात्र साध्या भिंगाने वळत नाहीत. ते सरळ जातात, आणि त्यांची सावली जेवढी मोठी पडते तेवढाच मोठा पृष्ठभाग ती झेलण्यासाठी लागतो. प्रौढ माणसाच्या छातीसाठी तो सुमारे ४३ सेंटिमीटर लांब आणि तितकाच रुंद असतो. चिप ज्यांच्यापासून बनतात त्या सिलिकॉनच्या चकत्यांचा व्यास मोठ्यात मोठ्या प्रचलित आकारातही ३० सेंटिमीटर असतो, तेव्हा कॅमेऱ्याचाच मार्ग चोखाळून हे काम होण्यासारखे नव्हते. सपाट टीव्ही आणि लॅपटॉपच्या पडद्यांसाठी काचेच्या मोठ्या तावावर अस्फटिकी सिलिकॉनचा पातळ थर चढवून त्यात लाखो ट्रान्झिस्टर कोरण्याची विद्या विकसित झाली, आणि १९९० च्या दशकात तीच विद्या एक्स-रेच्या कामी आली. आपल्या छातीमागे जी सपाट पाटी होती, तिच्या पोटात असा काचेचा ताव असतो. तिला फ्लॅट पॅनेल डिटेक्टर म्हणतात.

सिलिकॉनचा हा थर इतका पातळ असतो की क्ष-किरण त्याला जवळजवळ दादच देत नाहीत, ते पलीकडे निघून जातात. म्हणून त्यावर आणखी एक थर लागतो आणि माझ्या मते पॅनेलचा खरा जीव त्याच थरात आहे. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी वुर्झबुर्ग येथील प्रयोगशाळेत विल्हेल्म रोंटगेन यांना हे किरण सापडले ते बेरियम प्लॅटिनोसायनाइडचा लेप दिलेला पडदा अंधारात उजळला म्हणून. क्ष-किरण शोषून त्यांचा दिसणारा प्रकाश करणाऱ्या अशा पदार्थाला सिंटिलेटर म्हणतात. आजच्या बहुतेक चांगल्या पॅनेलमध्ये हे काम थॅलियमचा अंश मिसळलेले सिझियम आयोडाइड करते. सिझियम आणि आयोडीन ही दोन्ही जड मूलद्रव्ये असल्यामुळे निदानासाठी वापरले जाणारे किरण त्यांत चांगले अडकतात. शिवाय या पदार्थाची वाफ निर्वातात काचेवर बसवली तर तो सपाट न साचता उभ्या सुयांसारखा वाढतो. सूक्ष्मदर्शकाखाली त्याचा छेद पाहिला तर दाट पेरलेल्या गवताचे रान दिसावे तसे दिसते. थराची उंची साधारण अर्धा मिलिमीटर आणि एकेका सुईची जाडी ५ ते १० मायक्रोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. सुईत कोठेही प्रकाश निर्माण झाला तरी त्यातला बराचसा तिच्या भिंतींवर आतल्या आत परावर्तित होत थेट खाली उतरतो आणि आजूबाजूला फारसा पसरत नाही. एरवी थर जाड केला की किरण जास्त अडकतात पण प्रकाश फाकून चित्र पुसट होते, अशी कायमची ओढाताण असते. सुयांमुळे ती पुष्कळ अंशी सुटली.

क्ष-किरणाचा एकच कण, म्हणजे फोटॉन, या थरात पुरता अडकला तर त्यातून प्रकाशाचे हजारो फोटॉन सुटतात. ६० किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या कणापासून सुमारे ३,००० मिळतात. काचेचा ताव बारीक चौकटींत, म्हणजे पिक्सेलमध्ये, विभागलेला असतो. खालचा प्रकाशसंवेदी डायोड त्यांचे विद्युतभारात रूपांतर करतो आणि तो भार त्या-त्या चौकटीत साठून राहतो. एक्स्पोजर संपले की ट्रान्झिस्टरच्या कळा एकेका ओळीने उघडतात, साठलेला भार बाहेर येतो, मोजला जातो आणि त्याचा आकडा होतो. चौकटीची बाजू ०.१४ मिलिमीटर धरली तर एवढ्या पाटीवर सुमारे ९० लाख चौकटी येतात. आपण श्वास सोडून खांदे सैल करेपर्यंत हे सगळे आकडे वाचून झालेले असतात.

दुसऱ्या प्रकारच्या पॅनेलमध्ये प्रकाशाचा टप्पाच नसतो. अस्फटिकी सेलेनियमच्या थरात क्ष-किरण शिरले की तेथेच विद्युतभार मोकळा होतो, आणि थरावर दिलेल्या काही हजार व्होल्टच्या दाबामुळे तो आडवातिडवा न भटकता सरळ खालच्या चौकटीत ओढला जातो. चित्र अतिशय रेखीव येते. मात्र सेलेनियम तुलनेने हलके मूलद्रव्य असल्याने छाती-पोटासाठी लागणारे जास्त ऊर्जेचे किरण ते सिझियम आयोडाइडइतके अडवू शकत नाही. स्तनांच्या मॅमोग्राफीत कमी ऊर्जेचे किरण वापरतात, तेथे पाव मिलिमीटरचा थरही जवळजवळ सगळे किरण पकडतो, म्हणून सेलेनियमचे मुख्य स्थान तेथे आहे.

प्रश्न : मी क्ष-किरण तंत्रज्ञानाची विद्यार्थिनी आहे. आमच्या विभागात कॅसेट काढून यंत्रात घालावी लागते, तरी त्यालाही डिजिटलच म्हणतात. सीआर (कॅसेटची पद्धत) आणि डीआर (थेट सपाट पॅनेलची पद्धत) यांत फरक फक्त वेळेचा आहे का?

उत्तर : वेळेचा फरक डोळ्यांना दिसतो, पण त्याहून महत्त्वाचा फरक किरण पकडण्याच्या क्षमतेत आहे. सीआरच्या कॅसेटमध्ये युरोपियमयुक्त बेरियम फ्लुओरोहॅलाइडचा लेप दिलेली प्लेट असते. किरण पडल्यावर इलेक्ट्रॉन तिच्या स्फटिकांतील सापळ्यांत अडकतात आणि एक अदृश्य चित्र तयार होते. वाचक यंत्रात लाल लेसरचा ठिपका प्लेटवरून रेघ-रेघ फिरतो, अडकलेले इलेक्ट्रॉन सुटतात, निळा प्रकाश बाहेर पडतो आणि त्याची तीव्रता मोजली जाते. हे तंत्र १९८३ मध्ये बाजारात आले. जुने एक्स-रे यंत्र न बदलता डिजिटल चित्र मिळू लागले, हा त्याचा मोठाच उपकार आहे आणि आजही पुष्कळ विभाग त्यावर उत्तम काम करतात.

आपल्यासाठी दोन गोष्टी सांगतो. सापळ्यातले इलेक्ट्रॉन हळूहळू आपोआपही सुटत असतात, म्हणून एक्स्पोजरनंतर प्लेट लवकर वाचावी. ती रात्रभर तशीच राहिली तर संकेताचा बराच भाग ओसरतो. आणि याच्या उलट, कपाटात पडून राहिलेली प्लेट भोवतालचे किरण टिपत राहते, म्हणून दिवसभराहून अधिक काळ न वापरलेली कॅसेट हातात आली तर आधी पुसण्याची फेरी देऊन मगच ती रुग्णाखाली ठेवावी. परीक्षेत हे कोणी विचारो न विचारो, कामावर याची गरज पहिल्याच महिन्यात पडते.

प्रश्न : डिजिटल एक्स-रेत किरणे फारच कमी लागतात असे सगळीकडे ऐकतो. हे खरे आहे का? चित्र चांगले आले म्हणजे किरणे योग्य तेवढीच वापरली असे समजावे का?

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘लागू शकतात’ असे आहे, आणि दुसऱ्याचे ठाम ‘नाही’ असे. ही दोन उत्तरे एकत्र समजून घेतली पाहिजेत.

चांगले पॅनेल कमी किरणांत काम भागवते हे खरे आहे. आलेल्या माहितीपैकी किती माहिती चित्रात टिकून राहते, याचे एक माप आहे. त्याला डीक्यूई म्हणतात. सिझियम आयोडाइडच्या चांगल्या पॅनेलमध्ये ते ६० ते ७० टक्क्यांच्या आसपास जाते, तर सीआर प्लेट आणि जुनी फिल्म-स्क्रीन जोडी साधारण ३० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली राहते. याचा सरळ अर्थ असा की तेवढ्याच गुणवत्तेचे चित्र सुमारे निम्म्या किरणांत मिळणे शक्य आहे.

आता दुसरी बाजू. फिल्मचा एक कठोर पण प्रामाणिक गुण होता. किरणे जास्त झाली की ती काळीठिक्कर पडे, कमी झाली की पांढुरकी राही. चूक तिथल्या तिथे सर्वांना दिसे आणि तंत्रज्ञाला दुसऱ्या दिवशी आपली मात्रा सुधारावी लागे. डिजिटल डिटेक्टर हजारो पटींच्या पल्ल्यात सरळ प्रमाणात मोजत राहतो आणि संगणक चित्राचा उजेड-काळोख दर वेळी नेमका जुळवून देतो. त्यामुळे किरणे चौपट झाली तरी चित्र काळे पडत नाही. ते उलट अधिक गुळगुळीत आणि सुंदर दिसते.

याचे कारण मोजणीच्या स्वभावात आहे. क्ष-किरण पावसाच्या थेंबांसारखे विखरून पडतात. एका चौकटीत सरासरी १०० कण पडत असतील तर शेजारच्या चौकटींत ९० किंवा ११० पडणे स्वाभाविक असते, म्हणजे सुमारे १० टक्क्यांचा चढउतार होतो आणि चित्रात तो रवाळपणा म्हणून दिसतो. तीच सरासरी १०,००० वर नेली तर चढउतार एका टक्क्यावर येतो. डोळ्याला रवाळपणा खटकतो, रेडिओलॉजिस्ट त्याबद्दल तक्रार करतात आणि चित्र परत पाठवतात. जास्त किरणांनी आलेल्या गुळगुळीत चित्राबद्दल मात्र कोणाचीच तक्रार येत नाही. तक्रार एकाच दिशेने येत असली की माणसे नकळत त्याच्या विरुद्ध दिशेला सरकतात. या सरकत जाण्याला आमच्या क्षेत्रात ‘डोस क्रीप’ म्हणतात.

एकदा एका रुग्णालयात अतिदक्षता विभागातील फिरत्या यंत्राची चित्रे मी तपासत होतो. चित्रे उत्तम होती आणि तेथील डॉक्टर समाधानी होते. प्रत्येक चित्रासोबत नोंदलेले आकडे काढले तेव्हा मात्र बहुतेक एक्स्पोजर ठरवलेल्या लक्ष्याच्या चौपटीजवळ निघाले. कारण शोधायला फार दूर जावे लागले नाही. यंत्राच्या दांड्यावर चिकटपट्टीने लावलेली एक चिठ्ठी होती आणि तिच्यावर पेनाने एकच मात्रा लिहिलेली होती. कधीतरी एका स्थूल रुग्णाचे चित्र रवाळ म्हणून परत आले होते, तेव्हा कोणीतरी मात्रा वाढवून ती लिहून ठेवली आणि नंतर प्रत्येक पाळीत, कृश वृद्धांपासून सगळ्यांसाठी, तीच चालत राहिली. यात कोणाचाही निष्काळजीपणा म्हणता येणार नाही, कारण चूक दाखवणारे काहीच त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हते. ती चिठ्ठी काढून शरीराच्या जाडीनुसार तक्ता लावला आणि पुढच्या तपासणीत आकडे जागेवर आले.

म्हणूनच चित्राचे सौंदर्य बाजूला ठेवून आकडा पाहण्याची सवय लागली पाहिजे. पूर्वी प्रत्येक कंपनीचा आकडा निराळा असे, काहींचा तर किरणे वाढली की कमी होई. २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाने एक्स्पोजर इंडेक्सचे समान मानक ठरवले. डिटेक्टरवर किरणे दुप्पट पडली की हा इंडेक्स दुप्पट होतो. त्याच्या जोडीला डेव्हिएशन इंडेक्स असतो. तो शून्य असेल तर एक्स्पोजर लक्ष्यावर आहे, अधिक ३ असेल तर दुप्पट, अधिक ६ असेल तर चौपट, आणि उणे ३ असेल तर निम्मे. एक खबरदारी येथे हवी : हा आकडा डिटेक्टरपर्यंत पोचलेल्या किरणांचा आहे, रुग्णाने शोषलेल्या मात्रेचा नव्हे. पण एकाच विभागात, एकाच प्रकारच्या तपासणीसाठी, महिनोन्महिने तो पाहत राहिले तर सरकणे ताबडतोब लक्षात येते.

हे वाचून कोणी आवश्यक तपासणी टाळू नये. छातीच्या एका समोरच्या एक्स-रेची मात्रा साधारण ०.०२ मिलिसीव्हर्ट असते, आणि निसर्गातून प्रत्येकाला मिळणारी जागतिक सरासरी वर्षाला सुमारे २.४ मिलिसीव्हर्ट आहे, म्हणजे तो एक एक्स-रे साधारण तीन दिवसांच्या नैसर्गिक किरणांइतका होतो. कमरेच्या मणक्यांच्या तपासणीत ती याच्या कितीतरी पट असते. अतिदक्षता विभागात एकाच रुग्णाचे चित्र रोज काढले जाते आणि एका यंत्रावर वर्षभरात हजारो माणसे येतात, तेथे विनाकारण चौपट देणे कोणत्याही हिशेबात बसत नाही.

प्रश्न : मोबाईल घेताना मेगापिक्सेल पाहतात तसे एक्स-रे पॅनेलचेही पाहावे का? चौकटी जितक्या बारीक तितके निदान अचूक, असे असते का?

उत्तर : काही मर्यादेपर्यंतच. चौकट लहान केली की तिच्यावर पडणारे कणही कमी होतात आणि रवाळपणा वाढतो. शिवाय सिंटिलेटरमध्ये प्रकाश जेवढा फाकतो त्याहून चौकट फार लहान करून हाती काही लागत नाही. हाडे आणि छातीसाठी ०.१४ ते ०.२ मिलिमीटरच्या चौकटी पुरतात. मॅमोग्राफीत कॅल्शियमचे अगदी बारीक कण शोधायचे असतात, म्हणून तेथे ०.०५ ते ०.१ मिलिमीटरच्या वापरतात. पॅनेल निवडणाऱ्यांनी माझे ऐकायचे असेल तर चौकटींची संख्या विचारण्याआधी डीक्यूई विचारावा, आणि तोही एक आकडा न घेता बारीक तपशिलांकडे जाताना तो कसा उतरतो याचा आलेख मागावा.

प्रश्न : डॉक्टरांना मी एक्स-रेचा मोबाईलवर काढलेला फोटो पाठवला तर त्यांनी मूळ फाइल मागितली. संगणक चित्र बदलतोच, मग मूळ म्हणजे काय?

उत्तर : डॉक्टरांनी मागितले ते योग्यच केले. संगणक काय बदलतो ते आधी सांगतो. लाखो चौकटींपैकी काही निकामी असतातच, त्यांची यादी पॅनेलकडे असते आणि तेथे शेजाऱ्यांच्या आकड्यांवरून किंमत भरली जाते. किरण नसतानाही चौकटींत थोडा भार जमतो, तो वजा होतो, आणि प्रत्येक चौकटीची संवेदनक्षमता थोडी वेगळी असते, ती सारखी केली जाते. यानंतर कडा उठावदार करणे, फुप्फुस आणि हृदयामागचा भाग एकाच वेळी दिसेल असा उजेड बसवणे, ही पाहण्याच्या सोयीची प्रक्रिया होते. पहिला भाग हा मोजणीतला दोष काढणे आहे आणि त्याशिवाय चित्र वापरताच येणार नाही. दुसऱ्या भागात अतिरेक झाला तर धातूच्या सळीभोवती काळी कड दिसून ती सैल झाल्याचा भास होऊ शकतो, म्हणून अनुभवी रेडिओलॉजिस्ट संशय आला की प्रक्रिया कमी करून पाहतात.

डायकॉम या वैद्यकीय चित्रांच्या पद्धतीच्या मूळ फाइलमध्ये प्रत्येक चौकटीला काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत ४,०९६ किंवा त्याहून अधिक पायऱ्या असतात. डॉक्टर त्यातला हवा तो पट्टा उघडून आधी हाडे, मग मऊ भाग पाहू शकतात. मोबाईलच्या साध्या फोटोत २५६ पायऱ्या उरतात, त्यात खोलीतल्या दिव्याचे प्रतिबिंब येते, आणि फुप्फुसाभोवती हवा साचल्याची केसासारखी रेघ नेमकी त्यातच हरवते.

प्रश्न : माझ्या चार वर्षांच्या मुलाचा छातीचा एक्स-रे लागोपाठ दोनदा काढला. विचारले तर ‘पहिला नीट आला नाही, काळजी करू नका, डिजिटल आहे’ असे उत्तर मिळाले. मी काळजी करावी का?

उत्तर : दोन चित्रांच्या मात्रेमुळे आपण काळजी करू नये. बालकांच्या छातीच्या चित्राची मात्रा फार कमी असते, आणि मूल ऐन वेळी हलले किंवा वळले तर दुसरे चित्र काढावेच लागते, नाहीतर पहिलेही वाया जाते. आपल्याला मिळालेले उत्तर मात्र मला पटत नाही. चित्र पुन्हा का काढले याचे कारण ‘डिजिटल आहे’ असे होऊ शकत नाही. फिल्मच्या काळात फुकट गेलेली फिल्म टोपलीत साठत असे आणि महिनाअखेर कोणीतरी ती मोजत असे. आता नको असलेले चित्र एका बोटाने बाजूला सारता येते आणि मोजणीच होत नाही. चांगल्या विभागांत अशी प्रत्येक नाकारलेली प्रतिमा कारणासह जपून ठेवतात आणि दर महिन्याला तिचा आढावा घेतात, कारण त्यातूनच कळते की मुलांना धरण्याची पद्धत बदलायला हवी, की किरणांचा झोत फार रुंद सोडला जातो आहे, की विखुरलेले किरण अडवणारी, पण लहान अंगाला नको असलेली जाळी काढायची राहते आहे.

पुढच्या वेळी आपण तंत्रज्ञांना आधीच विचारावे की मुलाला स्थिर कसे ठेवायचे आणि त्यात आपण काय मदत करायची. गरोदर नसाल तर शिशाचा अंगरखा घालून आपल्याला त्याच्याजवळ उभे राहता येईल. मूल आईकडे पाहत असले की बहुतेक वेळा पहिलेच चित्र शेवटचे ठरते.